शंभर वर्षांपूर्वीचं सणाचं टेबल: अमेरिकेतली घरगुती सजावट आणि पाहुणचार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे नेमकं कुठलं आणि कधीचं?

अमेरिकेतलं, साधारण १९०० ते १९३० या काळातलं. शिक्षक, दुकानदार, बँकेतले कारकून, गावातले डॉक्टर अशांच्या घरांतलं. जेवणाची वेगळी खोली, सहा-आठ माणसं बसतील एवढं टेबल आणि मदतीला फार तर एखादी बाई, तीही असली तर. अशा घरांत सणावाराला टेबल सजवायची एक मोठी लाट आली. श्रीमंतांच्या मेजवान्यांवर पुष्कळ लिहून झालंय. आठवडाभर आधी कात्री आणि खळ घेऊन बसणाऱ्या साध्या घरच्या बायकांबद्दल मात्र फार कमी लिहिलं जातं, म्हणून हे पान.

टेबलाचा मधला भाग सजवायची पद्धत आली कुठून?

वाढण्याची पद्धत बदलली, त्यातून आली. पूर्वी फ्रेंच रीतीप्रमाणे सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडायचे. मधोमध सूपचं मोठं भांडं, भाजलेल्या मांसाचं ताट, चार बाजूंना भाज्या आणि लोणची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियन रीत रुळली. पदार्थ बाजूच्या टेबलावर किंवा स्वयंपाकघरातच वाढून एकामागून एक आणायचे. त्यामुळे टेबलाच्या मध्यावर काहीच उरलं नाही. त्या मोकळ्या जागेत आधी फुलं आली, मग फळांच्या परड्या, आणि पुढे कागदाचे बंगले, भोपळे, बर्फाचे गोळे, जहाजं असं काय काय येत गेलं.

नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंग सणाची टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) मात्र पुष्कळ घरांत अखंडच टेबलावर यायची आणि घरचा कर्ता पुरुष ती सगळ्यांसमोर कापायचा. तेवढ्यापुरती मधली सजावट उचलून ठेवावी लागे, म्हणून त्या दिवशीची मांडणी एका तबकात करत.

एवढा खटाटोप फक्त दिसण्यासाठी?

नाही, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे. या सजावटीचं खरं काम होतं पाहुण्यांना बोलतं करणं. जेवायला येणारी माणसं एकमेकांच्या ओळखीची असतीलच असं नव्हतं. नवऱ्याच्या कचेरीतलं जोडपं, चर्चमधल्या दोघी, शेजारी नव्यानं राहायला आलेलं कुटुंब. यजमानीण सगळ्यांना ओळखते, बाकी सगळे अवघडून बसलेत. अशा वेळी ताटाजवळच्या नावाच्या कार्डावर एक कोडं लिहिलेलं असलं, की शेजारच्याला विचारावंच लागतं. व्हॅलेंटाइनच्या दिवशी लाल पुठ्ठ्याची बदामं वेडीवाकडी कापून एक तुकडा बायकांना, दुसरा पुरुषांना द्यायचे. ज्याचा तुकडा जुळेल त्याच्या शेजारी जेवायला बसायचं. खोलीभर माणसं हातात पुठ्ठा घेऊन फिरताहेत म्हटल्यावर अवघडलेपण राहतं कुठे?

म्हणूनच त्या काळचं गृहिणींसाठीचं साहित्य एक नियम पुन्हा पुन्हा बजावतं: बसल्यावर समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे. फुलं एक तर बुटकी हवीत, नाहीतर इतकी उंच आणि विरळ की नजर खालून आरपार जावी. टेबल कितीही देखणं असो, त्याच्याआड माणसं झाकली गेली तर ते फसलं.

जॅक हॉर्नर पाय म्हणजे काय? खायचा पदार्थ का?

खायचा नाही. पाय (इंग्रजी pie) म्हणजे एरवी सारण भरून भाजलेला पदार्थ. नाव एका इंग्रजी बालगीतावरून आलंय. त्यातला मुलगा पायमध्ये अंगठा खुपसून आलुबुखार बाहेर काढतो. इथे ‘पाय’ म्हणजे कागदानं मढवलेलं एक मोठं गोल भांडं किंवा डबा. आत प्रत्येक पाहुण्यासाठी एक छोटी भेटवस्तू. प्रत्येक वस्तूला रेशमी फीत बांधायची, फितीचं टोक वरच्या कागदाच्या चिरेतून बाहेर काढून त्या त्या पाहुण्याच्या ताटापर्यंत न्यायचं, टोकाला नावाचं कार्ड. जेवण संपत आलं की यजमानीण खूण करते, सगळे एकदम फीत ओढतात, वरचा कागद टरकन फाटतो आणि वस्तू टेबलावर घरंगळत येतात.

करताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावं लागतं. आतल्या वस्तू ज्या क्रमानं माणसं बसणार त्याच क्रमानं गोल रचायच्या, म्हणजे फितींचा गुंता होत नाही. झाकणाच्या कागदाला मध्यापासून कडेपर्यंत आधीच अर्धवट चिरा द्यायच्या, नाहीतर ओढताना अख्खा डबा कलंडतो. आणि डब्याच्या तळाशी वजन ठेवायचं.

बाहेरचं रूप सणाप्रमाणे बदलायचं. हॅलोविनला, म्हणजे भुताखेतांच्या सणाला, चेटकिणीची कढई, थँक्सगिव्हिंगला भोपळा, ख्रिसमसला बर्फाचा गोळा किंवा विटांचं धुराडं. आतल्या वस्तू अगदी किरकोळ असायच्या: शिट्टी, अंगुस्तान, कागदी पंखा. महागडं काही ठेवलं तर पाहुण्याला उपकाराचं ओझं वाटतं, ही समज त्या बायकांना होती.

क्रेप कागदाचा एवढा बोलबाला का झाला?

कारण तो स्वस्त होता आणि कापडासारखा वागायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात डेनिसन कंपनीनं तो अमेरिकेत घरोघरी पोचवला. १८४४ साली दागिन्यांच्या पुठ्ठ्याच्या डब्यांपासून सुरुवात केलेली ही कंपनी पुढे लेबलं, चिठ्ठ्या, लाखेच्या कांड्या करू लागली आणि मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमला स्थिरावली. कागद विकायचा तर त्याचं करायचं काय हे लोकांना सांगायला हवं. म्हणून कंपनी पुस्तिका काढायची, आणि तिच्या दुकानांतून कागदी फुलं करायला शिकवायची सोयही असे. हॅलोविनसाठीचं त्यांचं ‘बोगी बुक’ पहिल्यांदा १९०९ साली निघालं आणि १९१२ पासून जवळजवळ दरवर्षी निघत राहिलं. पुस्तिका चाळून बाई दुकानात यायची ती थेट नारिंगी आणि काळ्या कागदाच्या घड्या मागायला.

या कागदाचा गुण हातात घेतल्याशिवाय कळत नाही. त्याच्या बारीक सुरकुत्या एकाच दिशेनं जातात. सुरकुत्यांच्या आडव्या दिशेनं ताणला तर तो लांबतो, उभ्या दिशेनं ताणला तर फाटतो. गुलाबाची पाकळी करायची तर सुरकुत्या वरून खाली येतील अशी ती कापायची, दोन्ही अंगठे मध्यावर ठेवून हलकेच बाहेर दाबायचं, की पाकळीला वाटीसारखा खोलगटपणा येतो. वरची कड विणायच्या सुईवर गुंडाळून सोडली की ती मागे वळते. झालर करायची तर पट्टीची कड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून एक हात पुढे, एक मागे असं करत जायचं; लाटा आपोआप उठतात आणि तशाच राहतात. लांब पट्टीला पीळ देत गेलं की दोर तयार. टेबलाच्या कडेला, झुंबरापासून चार कोपऱ्यांपर्यंत, खुर्च्यांच्या पाठींना हेच दोर बांधलेले असायचे.

पाण्याचा थेंब मात्र चालत नाही. रंग उतरतो आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर डाग पडतो तो जन्माचा. म्हणून पाण्याच्या पेल्यांच्या आसपास गडद कागद ठेवू नये.

मधमाशांच्या पोळ्यासारख्या जाळीची कागदी घंटा कोणाची?

दुमडून सपाट होणारी आणि उघडली की गोल फुगणारी जाळी मूळची युरोपातून आली. अमेरिकेत ती मोठ्या प्रमाणावर करणारी कंपनी म्हणजे बाइसल. १९०० साली सुरू झालेली ही कंपनी पेनसिल्व्हेनियातली. ख्रिसमसच्या लाल घंटा, टर्कीची फुगलेली शेपटी, भोपळे हे सगळं या जाळीत व्हायचं. सण झाला की मिटून पुठ्ठ्याच्या पाकिटात. एकच वस्तू दहा-दहा वर्षं वापरली जायची.

वर्षभरात कोणकोणत्या सणांना असं टेबल मांडत?

आज ऐकून नवल वाटेल, पण २२ फेब्रुवारी हा मोठा दिवस होता. जॉर्ज वॉशिंग्टनचा वाढदिवस. वॉशिंग्टननं लहानपणी कुऱ्हाडीनं चेरीचं झाड तोडलं आणि वडिलांपुढे खरं सांगितलं, ही गोष्ट मेसन वीम्स नावाच्या चरित्रकारानं १८०६ च्या आवृत्तीत घातली. इतिहासात तिला आधार नाही, पण टेबलाला तिनं भरभरून दिलं. मधोमध झाडाचं खोड, त्यात रुतवलेली पुठ्ठ्याची कुऱ्हाड, कागदी चेऱ्यांचे झुबके, ओंडक्याच्या आकाराचा केक, चेरीचं पाय. नावाची कार्डं तिकोनी टोपीच्या आकाराची. गोष्ट सगळ्यांना पाठ असल्यामुळे पाहुणा आत आल्या आल्या हसायचा.

त्याच्या आठवडाभर आधी व्हॅलेंटाइन. मार्चमध्ये सेंट पॅट्रिकचा दिवस, सगळं हिरवं, तिपानी शॅमरॉक. ईस्टरला रंगवलेली अंडी, पिवळी पिल्लं, लिलीची फुलं. ४ जुलैला झेंड्याचे तीन रंग आणि लाल कागदात गुंडाळलेले खोटे फटाके, आत गोळ्या. यात फारसं नवं काही नसायचं.

थँक्सगिव्हिंगचं टेबल मला सगळ्यांत आवडतं, कारण त्यात कागद कमी आणि शेत जास्त. लिंकननं १८६३ साली नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार या सणासाठी जाहीर केला, तेव्हापासून तो देशभर दरवर्षी पाळला जाऊ लागला. भोपळा वरून कापून आतला गर काढायचा आणि तो पोकळ भोपळाच परडी म्हणून वापरायचा. त्यात द्राक्षांचे घड कडेवरून खाली सोडलेले, लाल सफरचंदं, नासपती, अक्रोड. भोवती मक्याची कणसं आणि पानगळीची पानं. काचेच्या लांबट ताटात सेलरीचे दांडे. आज ही भाजी कोणाच्या लेखी नाही, पण तेव्हा ती नाजूक आणि महाग म्हणून मुद्दाम दिसेल अशी ठेवत.

हॅलोविन तेव्हाही आजच्यासारखाच होता का?

मुलांनी दारोदार फिरून खाऊ मागायची रीत बरीच नंतर, १९३० नंतर हळूहळू पसरली. विसाव्या शतकाच्या आरंभी हॅलोविन म्हणजे मुख्यतः तरुण-तरुणींचा घरातला मेळावा आणि भविष्य बघायचे खेळ. सफरचंदाची साल अखंड सोलून डाव्या खांद्यावरून मागे टाकायची. जमिनीवर जे अक्षर उमटेल ते होणाऱ्या नवऱ्याच्या नावाचं आद्याक्षर. केकमध्ये अंगठी, नाणं आणि अंगुस्तान लपवायचं. अंगठी मिळाली तर लग्न, नाणं मिळालं तर पैसा, अंगुस्तान मिळालं तर जन्मभर एकटं राहायचं. पाण्याच्या घंगाळात अक्रोडाच्या अर्ध्या कवच्या मेणबत्तीचे तुकडे लावून सोडायच्या; ज्या दोघांच्या होड्या जवळ येतील त्यांचं जुळणार.

म्हणजे इथे टेबल आणि खेळ वेगळे काढताच येत नाहीत. सजावटीतली वस्तूच खेळाचं साधन. सुरुवातीला मक्याची धाटं, पानं आणि कोरलेले भोपळे पुरत. काळी मांजरं, वटवाघळं आणि नारिंगी-काळ्या रंगांची जोडी छापील कागदाबरोबर घट्ट झाली.

आणि ख्रिसमस?

टेबलापेक्षा झाडाकडे सगळ्यांचं लक्ष. जर्मनीतल्या लाउशा गावातून येणारे काचेचे गोळे वूलवर्थ या स्वस्त वस्तूंच्या दुकानांतून १८८० पासून विकले जात. टेबलावर हॉली या काटेरी पानांच्या झाडाच्या डहाळ्या, लाल फिती आणि फटकन वाजणारे क्रॅकर. क्रॅकर ही लंडनच्या टॉम स्मिथची १८४७ च्या सुमाराची कल्पना. दोघांनी दोन टोकं धरून ओढायचं, आत चिठ्ठी आणि कागदी टोपी. टोपी घातलेला गंभीर काका हा त्या रात्रीचा हमखास विनोद.

एकाच रंगाचं जेवण म्हणजे काय प्रकार?

दुपारच्या बायकांच्या लंचनची ही हौस. गुलाबी ठरलं तर फुलं गुलाबी, मेणबत्त्यांच्या शेड गुलाबी, आइस्क्रीम, मिठाई, केकवरचं आवरणही गुलाबी. पांढरं ठरलं तर कोंबडी पांढऱ्या सॉसमध्ये, बटाटा, सेलरी, शेवटी व्हॅनिला. हिरव्याला मटाराचं सूप. बोस्टन कुकिंग स्कूलमधून पुढे आलेल्या फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या पुस्तकानं सपाट मापाचा चमचा-कप घरोघरी नेला, आणि १९११ मध्ये खास प्रसंगांच्या मेजवान्यांवर वेगळं पुस्तकही लिहिलं. मापून स्वयंपाक करायची शिस्त आणि रंग जुळवायची हौस, दोन्ही एकाच काळाची लेकरं.

मला हा प्रकार चवीच्या दृष्टीनं पटत नाही. डोळ्यांना सुख मिळालं, तरी पांढऱ्या सॉसखाली सगळे पदार्थ सारखेच लागत असणार.

हे सगळं करायचं कोण?

घरची बाई आणि तिच्या मुली. कामाला बाई ठेवणं या काळात दरवर्षी अवघड होत गेलं, कारण कारखाने, दुकानं, टेलिफोन केंद्रं आणि कचेऱ्या मुलींना जास्त पगार आणि ठरलेली सुट्टी देऊ लागल्या. एमिली पोस्ट यांचं शिष्टाचाराचं पुस्तक १९२२ साली आलं तेव्हा त्यात नोकरचाकर गृहीत धरलेले होते. १९२७ च्या आवृत्तीत त्यांना ‘मिसेस थ्री-इन-वन’ हे पात्र आणावं लागलं. हीच स्वयंपाकीण, हीच वाढपी, हीच हसतमुख यजमानीण.

‘लेडीज होम जर्नल’ हे मासिक १९०३ मध्ये दहा लाख प्रतींवर गेलं, इतकं करणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या मासिकांपैकी ते एक. अशा मासिकांतली चित्रं बघून आपलंही टेबल तसंच झालं पाहिजे हा ताण बायकांवर नक्कीच आला. तरीही या कामात हौस आणि कसब दोन्ही होतं, आणि ते कसब कलेच्या इतिहासात मोजलं गेलं नाही याची मला खंत वाटते.

टेबलक्लॉथ कसा असायचा?

रात्रीच्या औपचारिक जेवणाला पांढरं डमास्क, म्हणजे विणीतच नक्षी असलेलं कापड, खाली जाड फेल्ट, म्हणजे भांड्यांचा आवाज होत नाही. दुपारी चकचकीत लाकूड उघडं ठेवून प्रत्येक ताटाखाली लेसचा रुमाल चालायचा. माणशी दोन फूट जागा धरायची.

कागद आणि मेणबत्त्या शेजारीशेजारी? आग लागत नसे?

लागायची. १९२० मध्येसुद्धा अमेरिकेतल्या सुमारे एकतृतीयांश घरांतच वीज होती. मेणबत्तीवर कागदी किंवा रेशमी शेड बसवायची तर धातूचा धारक लागे, जो मेणबत्ती जळेल तसा तिच्याबरोबर खाली सरके. तो अडकला की शेडचा कोळसा. आतून अभ्रकाचं अस्तर लावायचं ते यासाठीच. झाडावरच्या मेणबत्त्या त्याहून धोक्याच्या. एडिसनचा भागीदार एडवर्ड जॉन्सन यानं १८८२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी ८० विजेच्या दिव्यांचं झाड उजळलं. तयार माळा १९०३ मध्ये बाजारात आल्या, पण बरीच वर्षं त्या सामान्यांच्या आवाक्याबाहेरच राहिल्या.

महायुद्ध आणि दारूबंदीत काय झालं?

१९१७ मध्ये हर्बर्ट हूवर यांच्या अन्न-प्रशासनानं आठवड्यातले काही दिवस गहू किंवा मांस न खाण्याचं आवाहन केलं. साखरेची टंचाई झाली. केक लहान झाले, सजावट तेवढी राहिली. कागद खायचा नसल्यामुळे त्याला बंधन नव्हतं. जर्मनीतून येणारी खेळणी आणि काचेचे गोळे थांबले आणि देशी कारखान्यांना संधी मिळाली. १९२० ते १९३३ दारूबंदी. वाइनचे पेले टेबलावरून गेले, फळांच्या रसाच्या पंचचा मोठा वाडगा आला, आणि जेवणाच्या सुरुवातीला पेल्यात फळांचे तुकडे देण्याची टूम वाढली.

या साहित्यात आज खटकणारं काही आहे का?

आहे, आणि ते दडवू नये. त्या काळच्या पार्टी-पुस्तिकांत कृष्णवर्णीय माणसांची विटंबना करणारी चित्रं आणि खेळ सापडतात. थँक्सगिव्हिंगच्या कागदी बाहुल्यांतले मूळनिवासी म्हणजे पिसांची टोपी घातलेलं व्यंगचित्र. पाहुण्यांना बोलतं करायचं म्हणताना पाहुणा कोण आणि चेष्टेचा विषय कोण, हे तिथे आधीच ठरलेलं होतं. जुन्या कल्पना आज वापरताना हा भाग निवडून बाजूला काढावाच लागतो.

मराठी वाचकाला याचा कुठे दुवा लागतो?

दोन ठिकाणी. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या आणि १८८९ मध्ये त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झालं. ही कागदी लाट यायच्या थोडं आधीचं अमेरिकन घर आणि तिथल्या बायका त्यात मराठीतून भेटतात. दुसरा दुवा हातातला: गणपतीच्या आराशीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात क्रेपच्या झालरी ज्यांनी केल्यात, त्यांना वरची अंगठ्यांची युक्ती शिकवावी लागणार नाही. आज न्यूजर्सी किंवा कॅलिफोर्नियात नोव्हेंबरमध्ये घरी माणसं बोलावणाऱ्या मराठी घरांनाही पोकळ भोपळ्याची परडी सहज जमेल, आणि पुरणपोळीशेजारीही ती शोभते.

घरी करून बघायचं तर कशापासून सुरुवात करावी?

नावाच्या कार्डांपासून. जाड कागद, पाहुण्याचं नाव, मागे एक प्रश्न ज्याचं उत्तर शेजारच्याकडेच असेल. ‘तुमच्या डावीकडे बसलेल्यांनी पहिली नोकरी कुठे केली?’ एवढंही पुरतं. मग सुक्यामेव्याचे छोटे कागदी द्रोण: बाहेर सणाच्या रंगाची झालर, आत खारवलेले बदाम. जॅक हॉर्नर पाय सहा जणांपेक्षा जास्त माणसांसाठी पहिल्याच वेळी करू नका. फिती सांभाळणं अवघड जातं.

जुन्या पुस्तिका किंवा कागदी सजावट हाती लागली तर कशी जपावी?

चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेट तर मुळीच करू नका. दोन्ही गोष्टी उलटवता येत नाहीत. त्या काळचा स्वस्त कागद आम्लधर्मी आहे, तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो, म्हणून आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा. जाळीच्या घंटा पूर्ण उघडून बघायचा मोह आवरा. खळ वाळलेली असते आणि पहिल्याच ताणाला जाळी सुटते. नारिंगी आणि लाल रंग उन्हानं आधी उडतात. पुस्तिकेच्या मधल्या तारेला गंज चढला असेल तर पानं ओढून उघडू नका. आधी हळूच फोटो काढून घ्या आणि वाचायचं ते फोटोतून वाचा.